कागदावर बेचाळीस, फळीवर सतरा : नाशिकच्या एका कृषी सेवा केंद्रातल्या मालाचा हिशेब

२६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार. निफाड तालुक्यात आणि आजूबाजूच्या पट्ट्यात अवकाळी पाऊस झाला, गारा पडल्या. द्राक्षबागा कुठे फुलोऱ्यात होत्या, कुठे मणी धरत होत्या. पानं ओली, हवा ढगाळ, गारेने फाटलेली पालवी. डाऊनी हा द्राक्षाचा बुरशीजन्य रोग पसरायला एवढं पुरतं. सोमवारी सकाळी नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या एका कृषी सेवा केंद्राचं शटर वर जायच्या आधीच बाहेर मोटारसायकलींची रांग लागली होती.

मोहाडीकडचे एक बागायतदार पंधरा वर्षांपासून याच दुकानाचं गिऱ्हाईक. त्यांना डाऊनीच्या एका पावडरीचे अर्ध्या किलोचे वीस पुडे हवे होते. मालकांच्या सूनबाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि सांगितलं, "आहेत दादा, बेचाळीस आहेत." काउंटरमागच्या फळीवर सहा निघाले. कामावरचा पोरगा स्कूटर घेऊन म्हसरूळच्या गोडाऊनला पळाला आणि पाऊण तासाने अकरा घेऊन आला. एकूण सतरा. त्यातले सहा हातात घेऊन उलटे केले, तर मुदत ऑक्टोबरमध्येच संपलेली. विकण्याजोगे उरले अकरा.

"अकरा घेऊन मी निम्मीच बाग मारू का, आप्पा?" एवढं बोलून ते उठले. शेजारच्या गल्लीतल्या दुकानातून त्यांनी वीसही पुडे घेतले, आणि त्या हंगामातली पुढची बरीचशी खरेदीही तिकडेच झाली.

मालकांना सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या दुकानाचे हिशेब मी सात वर्षं बघते आहे. त्या दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, पोरगा माल काढतोय असं वाटतंय. तुम्ही एकदा कागद बघून घ्या, मग मी त्याचा हिशेब करून टाकतो." पोरगा पेठ तालुक्यातला, वीस-एकवीस वर्षांचा, कामाला लागून आठ महिने झालेले. गोडाऊनची किल्ली त्याच्याकडे असायची. पंचवीस पुडे कमी आणि किल्ली त्याच्याकडे, एवढ्यावर आप्पांचं मन जवळजवळ ठरलं होतं. मी त्यांना एकच विनंती केली की सगळा माल मोजून होईपर्यंत कोणाचंही नाव घ्यायचं नाही. पुढे जे निघालं ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण अशी दुकानं नाशिक जिल्ह्यात गावोगाव आहेत आणि असा आळही बहुतेक दुकानांत कधी ना कधी कोणावर तरी येतो.

कृषी सेवा केंद्रातला माल किराण्यासारखा नसतो. एका छपराखाली बियाणं, खतं, बुरशीनाशकं, कीटकनाशकं, संजीवकं, ठिबकचे तुकडे, पंपाचे नोझल. या दुकानात कॉम्प्युटरवर अकराशे चाळीस नावं होती. तेच औषध पाव किलोत, अर्ध्यात, एक किलोत, तोच घटक चार कंपन्यांचा. प्रत्येक खोक्यावर वेगळा बॅच नंबर आणि वेगळी मुदत. रासायनिक औषधांना साधारण दोन वर्षांची मुदत मिळते, ट्रायकोडर्मासारख्या जैविक औषधांना त्याहून बरीच कमी, आणि ती उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ठेवली तर मुदतीआधीच निकामी होतात. माल दोन ठिकाणी, एक दुकान आणि एक म्हसरूळचं गोडाऊन. वर्षातले काही दिवस असे की दिवसभरात शंभर बिलं, आणि काही आठवडे असे की माश्या मारायच्या.

मोजणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेतली, सहा दिवस, पहाटे सहा ते नऊ. दुकान उघडं ठेवून मोजलं तर मोजता मोजता माल हलतो आणि तो आकडा कोणत्या घटकेचा हेच कळत नाही, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आत. दोघांची जोडी, एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याच्या कागदावर कॉम्प्युटरचा आकडा छापायचा नाही, हा माझा हट्ट होता. समोर बेचाळीस लिहिलेलं दिसलं की चाळीस मोजणारा माणूस आणखी दोन शोधत बसतो, किंवा नुसतीच खूण करून पुढे जातो. कोरा कागद असला तर जे दिसतं तेच लिहिलं जातं. पहिल्या दिवशी दुकानातल्या जुन्या मामांना हा अविश्वास वाटला. बावीस वर्षं त्या काउंटरवर उभे आहेत ते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पोराला सांगितलं, "आकडा विचारू नको, मोज."

अकराशे चाळीसपैकी तीनशे अठ्ठ्याऐंशी नावांत फरक निघाला. कुठे कमी, कुठे जास्त. कमी निघालेल्या मालाची खरेदीची किंमत दोन लाख चौदा हजार, जास्त निघालेल्याची एक लाख एकतीस हजार. एकातून दुसरं वजा केलं की त्र्याऐंशी हजार उरतात. मला इथे थांबावं लागलं, कारण इतकी वर्षं ३१ मार्चला मी याच शेवटच्या आकड्याकडे बघत आले होते. अडतीस लाखांच्या मालात त्र्याऐंशी हजारांचा फरक म्हटलं तर कोणीही म्हणेल, चालायचंच. पण कमी आणि जास्त मिळून साडेतीन लाखांच्या मालाचा ठावठिकाणा चुकलेला होता, आणि वजाबाकीने तो झाकला जात होता. गिऱ्हाईक वजाबाकी विकत घ्यायला येत नाही. त्याला तो एक पुडा हवा असतो.

मग आम्ही त्या बेचाळीस-सतराच्या पावडरीचा मागचा आठ महिन्यांचा माग काढला. खरेदीची बिलं, विक्रीची बिलं, चलनं, ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्या, गोडाऊनच्या भिंतीवर खडूने मारलेल्या रेघा, सगळं टेबलावर मांडलं. दोन संध्याकाळी गेल्या.

बारा पुडे शेजारच्या दुकानदाराला उसने दिले होते. बाजारात हे रोज चालतं, आज माझ्याकडे संपलं तर तू दे, उद्या तुझं मी भागवतो. त्याची चिठ्ठी होती, आप्पांच्याच अक्षरात, गल्ल्याखाली दबलेली, सप्टेंबरची. आठ पुडे उधारीच्या चिठ्ठ्यांवर गेलेले. संध्याकाळी गर्दीत शेतकऱ्याला माल द्यायचा, कच्च्या वहीत लिहायचं, "बिल उद्या करू", आणि तो उद्या उगवायचा राहून जायचा. नऊ पुडे चुकीच्या नावाखाली विकलेले. कॉम्प्युटरच्या यादीत पाव किलो आणि अर्धा किलो एकाखाली एक येतात. घाईत वरच्यावर बोट पडलं, दर बघून तो हाताने बदलला, बिल बरोबर झालं. पैशात फरक आला नाही, मालात आला. त्यामुळे पाव किलोचे नऊ पुडे कॉम्प्युटरच्या लेखी शून्य होते आणि गोडाऊनच्या मागच्या फळीवर खुशाल पडून होते. आहेत हेच माहीत नव्हतं, म्हणून कोणी विकलेही नाहीत.

उलट्या बाजूने चार पुडे जास्त आले होते. कंपनीच्या स्कीममध्ये दहावर एक फुकट मिळालेले, बिलात त्यांची किंमत शून्य म्हणून नोंदच केली नव्हती. तीन पुडे एका शेतकऱ्याने न फोडता परत केलेले, त्यांचे पैसे त्याच्या उधारीतून वळते झाले, पण माल परत आल्याची नोंद नाही. आणि पुन्हा कमीच्या बाजूला, दोन पुडे गोडाऊनच्या गळक्या कोपऱ्यात भिजून फाटले आणि उचलून टाकले गेले.

बारा, आठ, नऊ आणि दोन, म्हणजे एकतीस बाहेर. चार आणि तीन, म्हणजे सात आत. एकतीसमधून सात गेले, चोवीस. पंचविसाव्या पुड्याचा पत्ता लागला नाही. पण चोवीस पुड्यांत त्या पोराच्या हातून नोंदीविना गेलेला एकही नव्हता. माल टेबलावर मांडलेला असताना आप्पा बराच वेळ त्या गल्ल्याखालच्या चिठ्ठीकडे बघत होते. मग त्यांनी पोराला आत बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या मनात तुझ्याबद्दल आलं होतं. चूक माझी होती." मी त्या दुकानात बऱ्याच गोष्टी बघितल्या आहेत, ही विसरणार नाही.

हे सगळे फरक एकाच जागी जन्मलेले आहेत. माल हलतो तेव्हा लिहिलं जात नाही, आणि लिहिलं जातं तेव्हा माल समोर नसतो. मधल्या त्या काही तासांत, कधी दिवसांत, आठवण काम करते. गर्दीच्या दिवशी कोणाचीही आठवण पुरत नाही, बावीस वर्षांच्या अनुभवाचीही नाही. चोरी असू शकते, नाही असं नाही. पण आधी नोंदीचं भोक बुजवल्याशिवाय चोरी दिसणारच नाही, कारण दोन्हींचा परिणाम कागदावर हुबेहूब सारखा असतो.

मुदत संपलेल्या मालाचं प्रकरण मात्र वेगळं आणि जास्त महागाचं निघालं. मोजणीत एक लाख शहाऐंशी हजारांची औषधं मुदतबाह्य सापडली. त्यातली बरीचशी मार्चमध्ये आलेली होती. वर्षअखेरीला कंपनीचे प्रतिनिधी टार्गेटसाठी फिरतात, चार टक्के जास्त सूट देतात, परदेश सहलीचं आमिष असतं, आणि दुकानदार हंगाम संपताना माल भरतो. आला तसा तो पुढच्या फळीवर मांडला गेला, आधीचा मागे सरकला. नवा विकला जात राहिला, जुना मागे म्हातारा होत राहिला. आधी आलेला माल आधी काढावा हा नियम सगळ्यांना पाठ असतो. औषधांच्या धंद्यात तोही पुरत नाही, कारण नंतर आलेल्या खोक्याची मुदत कधी कधी आधी संपते. कंपनीच्या डेपोत पडून असलेला माल सवलतीत गळ्यात पडतो. म्हणून इथे तारीख बघायची ती खोकं आल्याची नव्हे, त्यावर छापलेली.

या मालाचं काय करायचं याचं उत्तर कायद्यात आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१ चे नियम सांगतात की मुदत संपताच असा माल वेगळा काढायचा, त्यावर विक्रीसाठी नाही असा शिक्का मारायचा, आणि ठळक पाटी लावून स्वतंत्र जागी ठेवायचा. आप्पांकडे तो चांगल्या मालाशेजारी होता. तपासणीला कोणी आलं असतं तर परवान्यावर बेतलं असतं. त्याहून मला जास्त टोचलं ते हे की सोमवारच्या त्या गर्दीत पोराने उलटून बघितलं नसतं तर ते सहा पुडे एखाद्या बागेवर गेले असते. युरोपला द्राक्ष पाठवणारा शेतकरी औषधाच्या अंशाची मर्यादा सांभाळत हंगाम काढतो, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी बघून फवारणी ठरवतो. त्याच्या हातात मुदतबाह्य पुडा देणं म्हणजे त्याच्या वर्षभराच्या मेहनतीशी खेळणं आहे.

पैशाच्या बाजूनेही तो माल एकदाच मारत नाही. परत घेण्याची कंपनीची मुदत उलटून गेलेली होती. या दुकानाच्या मुख्य दोन कंपन्या मुदत संपायच्या तीन महिने आधी कळवलं तरच क्रेडिट नोट देतात, म्हणजे मालाचे पैसे खात्यात वळते करतात, आणि कळवायला आधी माहीत असावं लागतं. मालावर खरेदीच्या वेळी अठरा टक्के जीएसटी भरून त्याचं क्रेडिट, म्हणजे करातली वजावट, घेतलेलं होतं. माल नष्ट केला किंवा हिशेबातून काढला की ते क्रेडिट परत करावं लागतं, इथे तेहतीस हजार चारशे ऐंशी रुपये. ताळेबंदात माल धरताना खरेदीची किंमत आणि विकून हाती येईल ती रक्कम, यांतली जी कमी असेल ती धरायची असते. मुदत संपलेल्या औषधाची ती रक्कम शून्य. म्हणजे मागच्या वर्षीचा नफाच थोडा फुगलेला होता.

आणि बँक. दुकानाला कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, आहे, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. पैसे देऊन झालेल्या मालाच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत उचल मिळते, पंचवीस टक्के मालकाचे. पण ते स्टेटमेंट कसं तयार व्हायचं? मागच्या महिन्याचा आकडा घ्यायचा, खरेदी मिळवायची, विक्री अंदाजाने वजा करायची. मुदतबाह्य एक लाख शहाऐंशी हजारांवर एक लाख एकोणचाळीस हजार पाचशेची उचल दाखवलेली होती. नसलेल्या मालावर घेतलेलं कर्ज ते. आप्पांना यातलं काही मुद्दाम करायचं नव्हतं, पण बँकेचा माणूस गोडाऊन बघायला आला असता तर मुद्दाम की चुकून हे त्याने विचारलं नसतं. जानेवारीच्या स्टेटमेंटमध्ये आम्ही खरा आकडा दिला, उचल कमी झाली, आणि दोन महिने दुकानाचे हात आखडले. ते सोसावं लागलं.

दुरुस्तीची वेळ आली तेव्हा आप्पांच्या मुलाने बारकोडचं मशीन आणायचं काढलं. मी थांबवलं. बारकोड वाईट नाही. पण पुडक्यावर जो नेहमीचा तेरा आकडी बारकोड असतो त्यात वस्तू कळते, बॅच आणि मुदत त्यात नसते. आणि उसने दिलेले बारा पुडे स्कॅनरसमोरून गेलेच नसते, ते मागच्या दाराने गेले. ज्या दुकानात चिठ्ठी गल्ल्याखाली जाते तिथे मशीन आणलं तर चिठ्ठी मशीनखाली जाईल. आधी हात बदलायचा होता.

नाव लिहिण्यापासून सुरुवात केली. यादीतल्या नावांत २५० आणि ५०० हे आकडे होते, जे घाईत एकसारखे दिसतात. वहिनींनी, म्हणजे आप्पांच्या सूनबाईंनी, तीन दुपारी बसून सगळी नावं बदलली, पुढे "पाव", "अर्धा", "एक" हे शब्द टाकले. चुकीच्या नावाची बिलं पुढच्या महिन्यातच जवळपास थांबली. एवढ्या साध्या गोष्टीचा एवढा गुण येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

फळ्यांना नंबर दिले. दुकानातली प्रत्येक फळी, गोडाऊनमधला प्रत्येक खण. आता कॉम्प्युटरवर नुसतं "अकरा" दिसत नाही, "गो. ४ ब" असं दिसतं. म्हसरूळला गेलेला माणूस पाऊण तास शोधत बसत नाही. खरेदीच्या नोंदीत बॅच आणि मुदत टाकणं सक्तीचं केलं, ही सोय त्यांच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती, कोणी चालू केली नव्हती. खोक्यावर मुदतीच्या तिमाहीप्रमाणे रंगीत चिकटपट्टी लावायची हे मामांच्या डोक्यातून आलं. लाल पट्टी म्हणजे पुढच्या सहा महिन्यांत मुदत संपणार. लाल पट्टीचं खोकं पुढे, बाकी मागे. वाचता न येणारा हमालही रंग ओळखतो, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला लाल पट्ट्यांची यादी काढून कंपनीला कळवणं हे वहिनींचं काम.

उसनवारीचा प्रश्न सर्वांत अवघड होता, कारण ती बंद करता येत नाही. ती बाजारातली माणुसकी आहे, आणि अडीनडीला तीच दुकान तारते. म्हणून टॅलीत "उसनवार" नावाचं एक गोडाऊन उघडलं. खरं कोणतंच गोडाऊन नाही ते. शेजाऱ्याला बारा पुडे दिले की ते विकले असं लिहायचं नाही, म्हसरूळमधून "उसनवार"मध्ये हलवले असं लिहायचं. माल आपलाच, फक्त दुसऱ्याच्या घरी आहे. रोज संध्याकाळी त्या गोडाऊनची यादी काढली की कोणाकडे किती अडकलंय ते दिसतं. दुसऱ्याकडून आणलेल्याचीही तशीच उलटी यादी. चिठ्ठ्यांचं पॅड छापून घेतलं, नंबर टाकलेलं, दोन प्रतींत. नंबराच्या चिठ्ठीविना फळीवरून काहीच हलायचं नाही, मालकाच्या हातानेही नाही. हे शेवटचं आप्पांनी स्वतः घातलं. रात्री दुकान बंद करताना चिठ्ठ्यांचे नंबर ओळीने लावायचे. मधला एक जरी नसला तरी शटर ओढायचं नाही.

वर्षातून एकदा सगळं मोजणं हे मी आता कोणालाच सुचवत नाही. ३१ मार्चला सापडलेला फरक जुलैचा की जानेवारीचा हे कोण सांगणार? इथे आता रोज सकाळी दहा नावं मोजतात. सगळ्या नावांना सारखा मान द्यायचा नाही. आम्ही वर्षाची विक्री उतरत्या क्रमाने लावली तेव्हा फक्त शहाण्णव नावांत विक्रीचा सुमारे सत्तर टक्के पैसा होता. ती शहाण्णव नावं दर पंधरा दिवसांत एकदा मोजली जातात, मधली तीनएक महिन्यांत एकदा, नोझल-वॉशरसारखी शेवटची वर्षातून एकदा. फरक आला तर त्याच दिवशी कारण शोधायचं. काल-परवाची गोष्ट असते, आठवते, चिठ्ठी हाताशी असते.

किती माल ठेवायचा, हा मोहाडीच्या त्या गिऱ्हाइकाने उभा केलेला खरा प्रश्न होता. पुस्तकी उत्तर सोपं आहे. रोज सहा पुडे जातात, मागवल्यापासून तीन दिवसांनी माल येतो, म्हणजे अठरा, वर अडचणीसाठी बारा. साठा तिसावर आला की मागवा. एका वेळी किती मागवावं याचंही सूत्र आहे, १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस या अमेरिकी इंजिनियरने मांडलेलं, आजही शिकवलं जातं. त्यात मागणी वर्षभर एकसारखी धरलेली असते. दिंडोरी रोडवर मागणी एकसारखी नसते. एरवी ज्या पावडरीचे रोज सहा जातात तिचे गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी चाळीस लागतात, आणि काढणी जवळ आली की तीच पावडर कोणी फुकट दिली तरी घेत नाही, कारण फवारणी आणि काढणी यांत राखायचे दिवस उरलेले नसतात.

उत्तर दुकानातच होतं आणि कोणी त्याला स्टॉकशी जोडलं नव्हतं. शेतकरी काउंटरवर येतो तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतो? "आप्पा, बारा तारखेची छाटणी आहे, आज तिसावा दिवस." गोडी, म्हणजे फळासाठीच्या, छाटणीच्या तारखेवर द्राक्षाचं पुढचं सगळं वेळापत्रक चालतं. छाटणीनंतर डोळे फुटायला पेस्टिंग म्हणजे औषधाचा लेप, मग कोवळ्या फुटीपासून फुलोऱ्यापर्यंत डाऊनीची धास्ती, फुलोऱ्यात थ्रिप्स ही कीड, त्याच्या आगेमागे जीए हे संजीवक, थंडी वाढली की भुरी हा रोग. मामांना दीडशे गिऱ्हाइकांच्या छाटणीच्या तारखा तोंडपाठ होत्या. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्या एका वहीत उतरवल्या, गावाप्रमाणे, एकरांसकट. पुढच्या पंधरवड्यात किती एकर बाग डाऊनीच्या दिवसांत असेल हे वही उघडली की दिसतं, आणि ऑर्डर त्यावर ठरते. हवामान खात्याने पावसाचा इशारा दिला की त्या एकरांना एक जादा फवारणी धरायची, तेवढा माल त्याच दिवशी मागवायचा. ऑक्टोबरमध्ये तीसचा आकडा नव्वद होतो, जानेवारीअखेर शून्य. मला वाटतं, या दुकानातली सगळ्यात मोलाची वही आता तीच आहे.

मार्च २०२४ च्या मोजणीत फरकाची नावं तीनशे अठ्ठ्याऐंशीवरून एकशे एकवीसवर आली, मार्च २०२५ ला सत्तेचाळीस. मुदतबाह्य माल त्या वर्षी एकोणीस हजारांचा. जैविकंच जास्त होती त्यात, त्यांचा हिशेब अजून नीट बसलेला नाही.

खतांचं दुखणं तर अजून चालू आहे. २०१८ पासून देशभर अनुदानित खत पॉस मशीनवर, म्हणजे विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर, शेतकऱ्याचा आधार आणि अंगठा घेऊन विकायचं असतं, आणि दुकानातून झालेल्या त्या विक्रीवरच कंपनीला अनुदान मिळतं. पण जूनमध्ये पाऊस पडला की युरियाच्या गाडीभोवती गर्दी होते, अंगठा उमटत नाही, नेट जातं, शेतकरी म्हणतो गोणी टाकून दे, अंगठा उद्या देतो. मशीनमध्ये गोण्या शिल्लक दिसतात आणि गोडाऊन रिकामं असतं. तोच जुना रोग, माल आधी आणि नोंद मागून. आप्पांनी आता ठरवलं आहे की अंगठ्याविना गोणी नाही. त्यावरून दोन जुनी गिऱ्हाइकं दुखावली. एक परत आलं, दुसरं नाही आलं.

शेजारच्या दुकानदाराने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नेलेले ते बारा पुडे २०२४ च्या मार्चमध्ये परत पाठवले. पोराने खोकं फोडलं आणि आधीच्या सवयीने मोजून फळीवर लावायला घेतलं. मग थांबला. चिठ्ठीवर आप्पांनी त्या वेळी बॅच लिहिली नव्हती, पण खरेदीच्या बिलावर होती. त्याने बिल शोधून काढलं आणि एकेक पुडा त्याच्याशी ताडून बघितला. सात बरोबर होते. पाच दुसऱ्याच बॅचचे, मे २०२४ ला मुदत संपणारे. दिले होते त्यांची मुदत आणखी वर्षभर होती.

"आप्पा, संख्या बारा आहे," तो म्हणाला, "पण आपले सातच आलेत."

आप्पांनी शेजाऱ्याला फोन लावला. भांडण झालं नाही, त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्याही फळीवर नवा माल पुढे आणि जुना मागे होता. पाच पुडे बदलून आले. त्या दिवसापासून उसनवारीच्या चिठ्ठीवर संख्येच्या शेजारी बॅचचा एक रकाना आहे. दुसऱ्या आठवड्यात शेजारी स्वतः दुकानात आला आणि त्याने चिठ्ठ्यांचं कोरं पॅड मागून नेलं. पोराने त्याला ते कसं भरायचं हे काउंटरवर उभं राहून समजावलं.